घर ‘पाडले’ की ‘उतरवले’?

प्रश्न, देवरुखहून :
जुन्या इमारती सुट्या करून त्यांतील सामान पुन्हा वापरण्याविषयीच्या एका पुस्तिकेचे मी भाषांतर करीत असून ‘डिकन्स्ट्रक्शन’ या शब्दापाशी अडलो आहे. समीक्षेतली ‘विरचना’ येथे उपयोगाची नाही, म्हणून मी ‘पाडकाम’ लिहिले. पण मसुदा वाचून दाखवताच आईने हरकत घेतली. महामार्गाच्या चौपदरीकरणात आमचे घर गेले, तेव्हा आधी कौले, मग रिपा, वासे, आढे, तुळया आणि शेवटी भिंतींचे जांभ्याचे चिरे, असे बांधणीच्या उलट क्रमाने सारे खाली घेतले होते. “आपण घर उतरवलं. पाडलं ते शेजारच्यांनी, जेसीबी लावून,” असे ती म्हणाली. हा शब्द कोकणाबाहेर समजेल का?

मालवणहून :
आमच्याकडे कौले उतरवतात आणि घर मोडतात. मात्र ‘अमक्याचे घर मोडले’ म्हटले की लोक वाशांची नव्हे, संसाराची चौकशी करतात, त्यामुळे तो शब्द पुस्तिकेत नको. मंगळुरास १८६५ मध्ये बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना निघाल्यानंतर जी कौले कोकणात रुळली, ती रिपेवर नुसती अडकवलेली असल्याने अखंड निघतात. म्हणून ‘उतरवणे’ त्यांना शोभते. आईसाहेबांनी तो शब्द सबंध घराला लावला असावा.

दापोलीहून :
‘उतरवणे’ याचे मूळ ‘उत्तरण’, म्हणजे पार जाणे, असे माझे मत आहे. ‘नदी उतरणे’ हा जुना प्रयोग आठवावा. एका घराची तुळई दुसऱ्या घरी जाते, तेव्हा ती पैलतीरीच उतरते.

अलिबागहून :
व्युत्पत्ती गोड आहे, परंतु ताप उतरतो तो कोणत्या नदीपलीकडे? साधे ‘खाली आणणे’ पुरेसे असताना संस्कृतात बुडी मारण्याचे कारण नाही. शासकीय मराठीत ‘बांधकाम व पाडकाम कचरा’ हा शब्दप्रयोग रुळला आहे, तोच ठेवावा. त्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लाकूड वगैरे वेगळे करावे, असे म्हटले होते.

दापोलीहून :
जो चिरा उद्या माझ्या कुंपणाला लागणार, त्याला आजच ‘कचरा’ म्हणणारी भाषा शासनाला लखलाभ असो.

चिपळूणहून :
माझ्या सासऱ्यांनी जुन्या घरांचे लाकूड उक्ते घेऊन विकण्याचा व्यवसाय अनेक वर्षे केला, म्हणून लिहितो. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा पहारीने सुटा होतो, तर सिमेंटमध्ये बसवलेल्या चिऱ्याचा सांधा सुटण्याआधी चिराच फुटतो. लाकडी खुंट्यांनी जोडलेला सांगाडा उकलता येतो. खिळे ठोकलेला उकलताना लाकूड फाटते. सबब जुने घर उतरवता येते, स्लॅबचे घर पाडावेच लागते, आणि आपल्या पुस्तिकेला दोन्ही शब्द लागतील. सासरे मात्र यांपैकी काहीच म्हणत नसत. ते ‘घर सोडवले’ म्हणत, जणू ते कुठे गहाण पडले होते.

मालवणहून :
‘सोडवले’ फारच सुरेख आहे! ते लाकडाला ‘जुने’ म्हणत की ‘जून’?

चिपळूणहून :
विकताना ‘जून’, विकत घेताना ‘जुने’.

देवरुखहून :
माझ्या मसुद्यात सर्वत्र ‘जुने लाकूड’ आहे. फणसाच्या आणि किंजळीच्या वाशांना ‘जून’ म्हटल्यास वाचक ते झाड तोडतानाच पक्व होते असे समजेल, की लाकूड घरात राहून मुरले असे?

अलिबागहून :
दोन्ही शब्द ‘जीर्ण’वरूनच आले आहेत.

दापोलीहून :
आता संस्कृतात बुडी कोण मारते आहे?