रेल्सचा कोड चालू ॲपमध्ये बदलला तर बिघडलं कुठं?

भडंगवाला:
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही रूबी ऑन रेल्समध्ये (रूबी भाषेतलं वेब ॲपचं फ्रेमवर्क) सॉफ्टवेअर बनवतो. हळदीचा सौदा झाला की अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायची, एवढंच काम. पण रेल्स स्वल्पविराम टाकतंय तीन-तीन आकड्यांनी, साडेबारा लाख म्हणजे १,२५०,०००, आणि अडते विचारतात ही पट्टी लंडनला पाठवायचीय का. मग इनिशियलायझरमध्ये (ॲप सुरू होताना चालणारा कोड) एक फाईल टाकून रेल्सची स्वल्पविराम टाकणारी मेथडच (फंक्शन) प्रीपेंडने, म्हणजे आपली मेथड मूळच्या पुढं लावून, बदलली, १२,५०,००० यायला लागलं, विषय संपला. आता पुण्याचे सिनियर रिव्ह्यूमध्ये म्हणतायत मंकी पॅच, म्हणजे दुसऱ्याचा कोड असा बाहेरून बदलणं, चालणार नाही. का चालणार नाही? रूबीत कुठलाही क्लास कधीही उघडता येतो तो कशासाठी? रेल्स स्वतः साध्या आकड्याला मिनिट्स, डेज असल्या मेथडी चिकटवतंय तेव्हा कोण बोलत नाही. आणि २०१३ ला रूबी २.० मध्ये प्रीपेंड आल्यापासून सुपर लिहिलं की मूळ मेथडपण मिळते, मूळ मेथडला दुसरं नाव देऊन ठेवायचे एलियास मेथड चेनचे जुने उद्योग पण राहिले नाहीत. छोट्या टीमनं बिनधास्त करावं असं माझं मत.

कंदी_पेढा:
साताऱ्यातून विरोध नोंदवून घ्या 😄 भावा, ती मेथड म्हणजे रेल्सचा हेल्पर (व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या टेम्प्लेटमध्ये, वापरायचं छोटं फंक्शन), त्याला डिलिमिटर पॅटर्न, म्हणजे स्वल्पविराम कुठं पडायचा ते, द्यायची सोय आहे, रेल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणच १,२३,४५६.७८ असं दिलंय. स्वतःचा छोटा हेल्पर लिही, त्यात तो पॅटर्न टाक, झालं. तू मेथडच बदललीस म्हणजे ती तुझ्या पट्टीपुरती बदलली नाही, त्या प्रोसेसमध्ये जो जो जेम (रूबीची तयार लायब्ररी) ती वापरतो त्या सगळ्यांना बदलली, आणि त्या जेमच्या लेखकाला तुझी फाईल माहीत पण नाही. उद्या रेल्सनं आतून त्या मेथडीचं नाव बदललं तर तुझा पॅच एररपण देणार नाही, गपचूप निकामी होऊन पडून राहील.

भडंगवाला:
पॅटर्नचं मान्य. पण हेल्पर केला तर सगळे व्ह्यू धुंडाळत बसायचं, एखादा राहिला की त्याच दुकानात दोन पट्ट्या दोन तऱ्हेच्या. पॅच एका जागी आहे की.

मिरज_जंक्शन:
आम्ही जॅंगोवाले (पायथनचं रेल्ससारखं फ्रेमवर्क), आमच्याकडं इंटला (पूर्णांकाच्या टाइपला) मेथड चिकटवायला गेलं की पायथन सरळ टाइपएरर देऊन हाकलतो, बरंच आहे ते. मॉड्यूल (कोडची फाईल) रीलोड करता येतं पण आधी बनलेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात, आणि ज्या फाईलनं फ्रॉम-इम्पोर्ट लावून त्यातलं फंक्शन घेतलंय ती जुन्यालाच धरून बसते, अर्धं घर नवीन अर्धं जुनं. म्हणून तर जॅंगोचा रनसर्व्हर (डेव्हलपमेंटचा सर्व्हर) फाईल सेव्ह झाली की आख्खी प्रोसेस परत उठवतो, आतल्या आत बदलायच्या नादाला लागत नाही.

ऊसतोड_डेव्ह:
माझा विषय थोडा वेगळा. गाळप चालू असताना कारखान्याच्या काट्यावरचं ॲप बंद ठेवता येत नाही, ट्रॅक्टरची लाईन लागलेली असते. अशा वेळी प्रॉडक्शनवर (लोक वापरतात त्या सर्व्हरवर) रेल्सचा कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून मेथड बदलली तर? एरिक्सनवाल्यांनी एरलँग भाषा टेलिफोन एक्स्चेंजसाठीच केली की, कॉल चालू ठेवून कोड बदलायचा.

कंदी_पेढा:
कन्सोलवर काहीही बदल, काट्याला फरक पडणार नाही. कन्सोल ही वेगळी प्रोसेस आहे हो, रेल्स ॲप चालवणाऱ्या प्यूमा सर्व्हरच्या प्रत्येक वर्करची (कामाच्या प्रोसेसची) मेमरी वेगळी. तू टाकलेली मेथड तुझ्याच खिडकीत राहणार आणि खिडकी बंद केली की गेली. ॲप न थांबवता नवीन कोड पाहिजे तर प्यूमाला फेज्ड रीस्टार्ट आहे, एकेक वर्कर बदलत जातो, फक्त प्रीलोड ॲप (वर्कर बनायच्या आधीच ॲप लोड करायची सेटिंग) बंद ठेवावं लागतं आणि थोडा वेळ जुने-नवे दोन्ही वर्कर चालतात म्हणून डेटाबेसचे बदल जपून करायचे. आणि एरलँगचं म्हणशील तर तिथं भाषेनंच नियम घातलेत, एका मॉड्यूलच्या दोनच आवृत्त्या मेमरीत राहतात, चालू आणि जुनी, तिसरी लोड केली की जुनीत अडकून बसलेल्या प्रोसेस मारल्या जातात. एवढं असून एरलँगवरच चालणाऱ्या एलिक्सिर भाषेच्या मिक्स रिलीजमध्ये (ॲपचं पॅकेज बनवायचं साधन) हॉट अपग्रेड, म्हणजे न थांबवता कोड बदलणं, तयार मिळत नाही, बहुतेक लोक रीस्टार्टच करतात. रूबीत तर असली शिस्तच नाही.

मिरज_जंक्शन:
+१. आणि पॅच आपल्याच मॉडेलवर असेल तर डेव्हलपमेंटला एक सेव्ह मारलं की झाइटवर्क (रेल्सचा कोड लोडर) क्लास नव्यानं लोड करतो, पॅच गायब. टू प्रिपेअरमध्ये (दर रीलोडला परत चालणारा ब्लॉक) टाकायला पाहिजे हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

भडंगवाला:
माझा पॅच रेल्सच्या क्लासवर आहे, तो जात नाही. बरं ऐका, नव्या स्क्रीनला हेल्पर वापरतो. जुना पॅच सौदे चालू असेपर्यंत हलवणार नाही, पण रेल्सचं व्हर्जन बदललं तर ॲप चालूच होऊ नये असा चेक टाकतो. आता तरी पुणेकर गप्प बसतील का?

कंदी_पेढा:
चेक फाईलच्या पहिल्या ओळीत टाक. आणि साडेबारा लाखाची एक टेस्ट पण लिही, व्हर्जन तेच राहून एखाद्या जेमनं तीच मेथड पॅच केली तर चेकला काही कळणार नाही. पुण्याच्या सिनियरना माझा पाठिंबा आहे असं कळव.