घरातली गोष्ट, गल्लीतल्या मुलांना : सातारा-सांगलीचे अनुभव

नमस्कार मंडळी,

सांगलीत शनिवारी सकाळी मी मुलांना गोष्टी सांगते. हातात पुस्तक नसतं, मोबाइल नसतो. सतरंजी, मुलं आणि मी. कधी गल्लीतल्या वाचनालयात, कधी जिल्हा परिषदेच्या शाळेत. मानधन नाही, आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. आपल्या भागात हे काम करणारे बरेच जण आहेत, पण एकमेकांशी बोलणं होत नाही. म्हणून हा धागा.

विषय मुद्दाम नेमका ठेवते. ससा-कासव, बिरबल, श्रावणातल्या कहाण्या आपण सांगतोच. पण स्वतःच्या घरातली, आजी-आजोबांकडून ऐकलेली एखादी आठवण तुम्ही मुलांना सांगितली आहे का? मुलांनी काय विचारलं? आणि ती मुलं घरी गेल्यावर पुढं काय झालं? या शेवटच्या प्रश्नासाठीच मी हे सगळं विचारतेय.

सुरुवात माझ्यापासून. ऑगस्ट २०१९चा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. हे आकडे सांगलीत लहान पोरांनाही पाठ असतात, कारण पावसाळ्यात घरोघरी तेच बोलणं. पण आता पहिली-दुसरीत असलेली मुलं तेव्हा पाळण्यात होती किंवा जन्मलीही नव्हती. मी त्यांना आमच्या घराची गोष्ट सांगत होते : जिन्याच्या एकेका पायरीवर पाणी कसं चढत गेलं, आणि वरच्या मजल्यावर आधी देव न्यायचे की तांदळाचा डबा, यावरून सासूबाई आणि सासऱ्यांचं कसं वाजलं. मध्येच एका मुलीनं विचारलं, "आणि मांजर कुठं होतं?" मांजराचं मी नावही काढलं नव्हतं. शेजाऱ्यांचं एक होतं खरं, पण त्याचं काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन सासूबाईंना विचारलं. मांजरावरून निघालेलं बोलणं २००५च्या पुरावर गेलं, तिथून त्यांच्या माहेरच्या वाड्यात शिरलेल्या पाण्यावर, आणि त्या पाण्यात वाहून गेलेल्या त्यांच्या शिलाई मशिनवर. इतकी वर्षं एका घरात राहून त्या मशिनबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता.

पुढच्या शनिवारी मुलं आपापल्या घरची बातमी घेऊन आली. कुणाची म्हैस गच्चीवर नेलेली, कुणाचे आजोबा बोटीत बसायलाच तयार नव्हते. त्या दिवशी मी फक्त ऐकलं. आता तुम्ही सांगा.

हरिपूरहून, हळदीच्या व्यापारात आयुष्य गेलेले आजोबा

(आजोबा सांगतायत, मी त्यांची नात लिहितेय.)

मी पोरांना पेव सांगतो. आमच्या हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, सुरईसारखं. वीस-पंचवीस फूट खोल. हळद आत टाकली, तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नव्हती. बाहेरनं बघणाऱ्याला कळायचंही नाही की पायाखाली एवढा माल आहे.

पोरांना सगळ्यात आवडतं ते पेव उघडण्याचं. तोंड उघडलं की लगेच माणूस उतरवायचा नाही. आत हवा नसते, जीव जाईल. काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. इथं मी थांबतो. पोरं श्वास धरून बसतात. एकानं विचारलं, "पहिला कोण उतरायचा?" त्यावर मला आमच्याकडचे एक हमाल आठवले. पहिले नेहमी तेच उतरायचे. त्यांचा नातू त्याच वर्गात बसला होता. त्याला हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आमच्या दारात. म्हणाला, "काका, माझ्या बापाचं अजून काय आठवतंय?" संध्याकाळ झाली उठायला.

२००५च्या पुरात बहुतेक पेवं गेली. तेही पोरांना सांगतो. गेलेलं गेलं म्हणून सांगावं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

वाईहून, निवृत्त शिक्षिका

मी थोडं सांगण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते, कारण नव्या मुलामुलींना त्याची गरज असते.

माझी आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची. कुणीतरी "हं" म्हणत राहायचंच. हुंकार थांबला की ती थांबायची : पोर झोपलं असं समजून. मी शाळेतही तेच ठेवलंय. प्रत्येक गोष्टीला एक हुंकारी नेमते. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्याला हे काम द्यावं. ते असं मन लावून करतं की बघत राहावं.

दुसरं, जागेचं नाव सांगा. "एका गावात" असं म्हणू नका. "ढोल्या गणपतीच्या घाटावर, उतरताना डाव्या हाताला" असं म्हणा. माझी पणजी मेणवलीहून वाईला लुगड्यात पुस्तकं लपवून शिकायला यायची. मी ही गोष्ट वाटेतल्या खुणांसकट सांगते. मुलं त्या रस्त्यानं रोज जातात. एक मुलगा सुटीत वडिलांना घेऊन तो रस्ता चालून आला आणि मला म्हणाला, "बाई, तुमची पणजी रोज एवढं चालायची?" त्याचा विश्वास बसायला चालावंच लागलं.

तिसरं, आणि इथं माझा आग्रह आहे : शेवटी "यावरून आपण काय शिकलो?" विचारू नका. मी नोकरीभर ते विचारत आले, कारण पुस्तकात तसा प्रश्न असायचा. आता विचारत नाही. त्या प्रश्नानंतर मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात आणि गोष्ट तिथंच टाकून जातात. तो विचारला नाही तर पुढं दोन-तीन दिवस काही ना काही विचारत येतात.

लहानांना दहा-पंधरा मिनिटं पुरे. आवाज काढा, पण नाटक करू नका. सगळी नजर तुमच्या हातवाऱ्यांकडे गेली की मुलांच्या डोळ्यांपुढचं चित्र पुसलं जातं.

पाटण तालुक्यातून

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटेचे चार वाजून गेले होते, सगळं गाव झोपेत. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची. मी तिची गोष्ट सांगते.

ही गोष्ट मी तिसरीच्या खालच्या वर्गात सांगत नाही. मोठ्यांना सांगते तेव्हा मेलेली माणसं वगळत नाही. आईची मैत्रीण गेली. तिच्या घराची भिंत दगडमातीची होती, आणि अशा भिंतींनीच जास्त माणसं मारली. हे एका वाक्यात, सरळ सांगते. त्यावर रेंगाळत नाही, आवाजही बदलत नाही. त्यानंतर ज्याच्यावर मुलांना खूप बोलायचं असतं तिकडे वळते : मग झोपायचं कुठं? उघड्यावर. डिसेंबरच्या थंडीत, पेंढ्यावर, आळीतली सगळी घरं एका मांडवाखाली. आई सांगते, आयुष्यात पहिल्यांदा तिनं गावातल्या सगळ्या बायकांच्या हातची भाकरी खाल्ली. कुणी जात विचारली नाही, कारण चूल एकच होती. "म्हंजे नंतर पुन्हा विचारायला लागले का?" असं पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, आईला विचारून सांगते. आईनं जे उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं वर्गात सांगितलं : "घरं उभी राहिली, तशा चुलीबी वेगळ्या झाल्या." वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एकदम सगळी बोलायला लागली.

आमच्याकडे अजूनही बारीक धक्के बसतात. त्यामुळे गोष्ट झाली की आम्ही सगळे मैदानात जातो, वर्गातून बाहेर कसं पडायचं ते करून बघतो. भीतीची गोष्ट सांगितली तर मुलांच्या हाताला काहीतरी काम द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. आणि एखादं मूल फारच गप्प झालं तर त्याच्या बाईंच्या कानावर घालायचं.

विट्याजवळच्या गावातून

आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली निम्मी घरं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यापायी माणसं पार केरळपासून पंजाबपर्यंत पांगली. माझे वडील पंधराव्या वर्षी तामिळनाडूत गेले. मे महिन्यात, यात्रेला ही सगळी मंडळी गावी येतात आणि पोरांचा नुसता गलका असतो. मी त्या महिन्यात देवळाच्या ओवरीत गोष्टी सांगतो.

इथं पुस्तकाचा उपयोग होत नाही. या पोरांना घरची मराठी कळते, बोलतातही, पण देवनागरी वाचताना अडखळतात आणि मग लाजून बाजूला होतात. तोंडी गोष्टीत गावातलं पोर आणि कोचीतलं पोर एका पातळीवर बसतं. मी वडिलांची गोष्ट सांगतो : भाषा येत नाही, भट्टीपुढं दिवसभर बसायचं, तेजाबाचा वास कपड्यातून जात नाही, रात्री दुकानातच पथारी. घरी पत्र आलं की आजी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची. वडील पत्रात फक्त "मी खुशाल आहे" लिहायचे, कारण मास्तर वाचणार हे त्यांना माहीत होतं. भट्टीनं हात भाजल्याचं त्यांनी आजीला कित्येक वर्षांनी सांगितलं.

बाहेरून आलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "आम्ही तिकडं असतो तेव्हा इथल्या आमच्या घरात कोण राहतं?" मी काही बोलायच्या आत गावातला एक मुलगा म्हणाला, "कोण नाही. पण माझी आजी रोज दिवा लावते तुमच्या उंबऱ्यावर." ती मुलगी यात्राभर त्या आजीकडं जाऊन बसायची.

कुंडलच्या बाजूनं

आमच्याकडची गोष्ट ठरलेली, प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथल्या लोकांनी चालवलेल्या समांतर सरकारची. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हताच, बराचसा भाग साताऱ्यातच. (दक्षिण सातारा १९४९ साली झाला, सांगली हे नाव १९६० साली.) ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तूफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची आगगाडी अडवून खजिना लुटला. जी. डी. बापू लाड त्यात पुढं होते. पोरांना हे ऐकायला कुणीही सांगितलं तरी आवडतं.

पण मी आजीकडनं सांगते. आजी उसातून भाकरी पोचवायची. टोपल्यात खाली भाकरी, वर शेण. वाटेत पोलीस भेटला तर टोपलं खाली ठेवायचं नाही, डोक्यावरच ठेवायचं, म्हणजे तो हात घालत नाही. बंदूक, घोडा यातलं काही तिच्या वाट्याला आलं नाही. तिची लढाई एवढीच, आणि ती तिनं लग्न झालेल्या वर्षी, सोळाव्या वर्षी केली. मुली हे ऐकताना पुढं सरकून बसतात.

चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "गाडी लुटली म्हंजे चोरीच ना?" मी उत्तर दिलं नाही. वर्गालाच विचारलं. अर्धा तास जुंपली होती, तास संपल्यावरही व्हरांड्यात चालू. तो मुलगा घरी जाऊन पणजोबांशी भांडला म्हणे. पणजोबा नव्वदीच्या पुढचे. त्यांच्याशी असं भांडायला बऱ्याच वर्षांत कुणी गेलं नव्हतं. घरच्यांनी मला सांगितलं, त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

आटपाडी

थोडक्यात लिहितो. ७२चा दुष्काळ सांगतो. खडी फोडायचं काम, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, पोरांना मिळणारा सुकडीचा खाऊ. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून शेतात डाळिंब, ऊस बघितलेली पोरं विचारतात, "तुम्ही खोटं सांगताय ना?" मग मी त्यांना पाझर तलावाच्या बांधावर नेतो आणि म्हणतो, हा तुमच्या आज्ज्यांनी बांधला, घरी जाऊन विचारा. बहुतेक आज्ज्यांना या बांधाबद्दल आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

सातारा शहरातून, एक बाबा

मी अजून गोष्ट सांगत नाही, सांगायची इच्छा आहे. माझे आजोबा फौजेत होते. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आपल्याकडे आहेतच, आमचं गावही तसंच, घरटी एक माणूस सैन्यात. पण आजोबा बोलत नाहीत. "आजोबा, एखादी आठवण सांगा" म्हटलं की "काय सांगायचं त्यात" म्हणून पेपर उघडतात. मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला त्यांच्याकडून ऐकायला मिळावं असं फार वाटतं. काय करू?

वाईच्या शिक्षिका

"आठवण सांगा" म्हणू नका. कुणालाच तसं सांगता येत नाही. वस्तू पुढं ठेवा. ट्रंक, बूट, पदक, पत्र्याचा मग, जे असेल ते. आणि विचारायला मुलाला पाठवा, तुम्ही शेजारच्या खोलीत राहा.

पाटण

लढाईचं विचारू नका. जेवणाचं विचारा. थंडीत काय खायचे, चहा कोण करायचं, पत्र किती दिवसांनी यायचं. बाकीचं त्यांना सांगायचं असेल तर ते येईल, नसेल तर नाही. तो त्यांचा हक्क आहे. आणि वर्गात सांगण्याआधी त्यांना विचारा. घरातली आठवण ज्याची असेल, त्याच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याच्या मुलांना सांगू नये.

धागा सुरू करणारी

पाटणच्या ताईंनी परवानगीचं लिहिलं ते फार बरं झालं. सासूबाईंना विचारूनच मी शिलाई मशिनचं इथं लिहिलं. मांजराचंही त्यांनीच सांगितलं : शेजाऱ्यांच्या माळ्यावर होतं, पाणी ओसरल्यावर आपणहून खाली आलं.

बऱ्याच जणांनी शाळेत कसं जायचं ते विचारलंय. मुख्याध्यापकांना भेटा, अर्ज द्या, शनिवारचा शेवटचा तास मागा. वर्गशिक्षकांना वर्गात बसायची विनंती करा, कारण मुलं त्यांच्यापुढं मोकळी बोलतात आणि काही जड निघालं तर पुढं सांभाळायला तेच असतात. सुरुवातीला एकच वर्ग घ्या. साताऱ्याचे बाबा, आजोबा हो म्हणाले तर त्यांनाच शाळेत घेऊन जा. नाही म्हणाले तर मुलाला विचारू द्या आणि काय झालं ते इथं लिहा. जत, शिराळा, फलटण, माणकडून अजून कुणी लिहिलेलं नाही. वाट बघतेय.