पाळीची तारीख आणि सोनोग्राफीची तारीख जुळत नाही, पुढच्या स्कॅनसाठी कोणती धरायची?

गगनबावडाकर: पत्नीचं पहिलंच बाळंतपण. पाळीवरून ७ आठवडे ३ दिवस होतात, सोनोग्राफीत ६ आठवडे ३ दिवस आले. ठोके आहेत. पाळी ३५ दिवसांनी येते. बाळाची वाढ मागे आहे का? दर वेळी कोल्हापूर गाठावं लागतं, फुकट हेलपाटा नको.

सोनोताई: वाढ मागे नाही. पाळीचं गणित २८ दिवसांच्या चक्रावर बसवलेलं असतं. ३५ दिवसांच्या चक्रात बीज आठवडाभर उशिरा सुटतं, तुमचा फरकही तेवढाच आहे. इतक्या लवकरच्या स्कॅनमध्ये ५ दिवसांपेक्षा जास्त फरक आला तर सोनोग्राफीची तारीख धरतात. डॉक्टरांकडून ती फाइलवर लिहून घ्या. आठव्या महिन्यात मशीन वेगळी तारीख दाखवेल, तेव्हा बदलायची नाही. नाहीतर खरंच खुरटलेलं बाळ नजरेतून सुटतं.

एनटी स्कॅनला (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात तो) बाळाची लांबी ४५ ते ८४ मिमी लागते, म्हणजे ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत. पाळीवरून अकरा मोजून आलात तर बाळ लहान भरेल आणि परत जावं लागेल. नव्या तारखेचे साडेबारा आठवडे धरा, डबल मार्करचं (बाळाच्या गुणसूत्रदोषाची शक्यता बघणाऱ्या चाचणीचं) रक्तही त्याच खेपेत द्या. बाळ मान वाकवून पडलं असेल तर माप मिळत नाही, फिरून यायला सांगतात. त्यामुळे परतीची एसटी घाईची धरू नका.

करवीरकर: ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांत व्यंग आहे का ते बघणारा, १९व्या आठवड्यात घ्या. बावीसाव्यात हृदय जास्त स्वच्छ दिसतं, पण गर्भपात कायद्यात २०२१च्या दुरुस्तीनंतरही गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंतच एका डॉक्टरचं मत पुरतं, २४पर्यंत दोघांचं लागतं, त्यापुढे वैद्यकीय मंडळ. शंका निघाली तर पुढच्या तपासण्यांना दिवस हातात हवेत.

गगनबावडाकर: उपाशीपोटी यायचं का? लघवी रोखून?

सोनोताई: उपाशी अजिबात नको. पोटावरून लवकरचा स्कॅन असेल तरच लघवी भरलेली हवी, आतून करायचा असेल तर रिकामी. पाचव्या महिन्यात मूत्राशय तुडुंब असेल तर वार आहे त्यापेक्षा खाली दिसते. ‘वार खाली’ असा शेरा आलाच तर ३२व्या आठवड्यात पुन्हा बघतात, बहुतेकींची तोवर वर सरकलेली असते. मध्ये रक्त गेलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

करवीरकर: चिठ्ठी आणि ओळखपत्र विसरू नका, फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा) भरल्याशिवाय स्कॅन होत नाही. वाढीचा स्कॅन ३२व्या आठवड्यातच धरा, वारेचंही त्यातच बघून होईल. डॉपलर (बाळाच्या रक्तप्रवाहाची तपासणी) सरसकट लागत नाही. आईचं बीपी वाढलं किंवा बाळाचं वजन कमी भरलं तरच.