जिवंत असलेल्यांत सगळ्यात भारी कोण? (अमेरिका-कॅनडावाले गाणारे-वाजवणारे) – अनुभव टाका

माळ्यावरचा_पसारा:
काल माळा आवरताना कॅसेटचं खोकं सापडलं. एकावर माझ्या अक्षरात ‘डिलन. हात लावू नये’ आणि खाली दुसऱ्या पेनाने ‘लावला. रूम नं. १४’. शिडीवरच बसून राहिलो, बायको खालून ओरडतेय की पंखा पुसायला चढलायस ना. होस्टेलला हे भांडण आम्ही चार वर्षं केलं. अट एकच, माणूस जिवंत पाहिजे, नाहीतर एल्विस आणि हेंड्रिक्स आले की खेळ खलास. मी बॉब डिलनचा, १४ नंबरवाला स्टीवी वंडरचा, तो म्हणायचा तुझा माणूस नाकात गातो. २०१६ ला डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा मुद्दाम फोन लावला, तर म्हणतो कसा, “बघ, त्यांनीपण संगीताचं नाही दिलं.” संगीताचं नसतंच रे, हे सांगेपर्यंत फोन ठेवला होता.
२०२५ च्या जूनमध्ये स्लाय स्टोन आणि ब्रायन विल्सन दोन दिवसांच्या अंतराने गेले, दोघंही ८२ वर्षांचे. आमची यादी आता भराभर आखडत चाललीय. तुमचा माणूस कोण आणि तो तुम्हाला कुठे भेटला ते लिहा. नुसती नावं नकोत.

लग्गी_लडी:
स्टीवी. विषय संपला. १९७४, ७५, ७७, तीनदा अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी, आणि मधलं ७६ पॉल सायमनला मिळालं तर त्याने स्टेजवरून स्टीवीचे आभार मानले की बाबा यंदा अल्बम काढला नाहीस. मी तबला शिकायचो तेव्हा ‘सुपरस्टिशन’ची सुरुवात सरांना ऐकवली, ड्रमपण त्यानेच वाजवलाय. सर डोळे मिटून ऐकत होते, म्हणाले ठेका सरळ आहे पण झांज बघ, दोनदा सारखी पडत नाहीये. मग मला महिनाभर नुसता दादरा वाजवायला लावला. डोकं फिरलं होतं माझं.

घोडबंदरची_आजी:
कॅसेट टाकू नका हो. पट्टी गुंतली असेल तर षटकोनी पेन्सिल घालून फिरवा. आमची डॉली पार्टन. गाणी फार माहीत नाहीत, पण लेकीच्या बाळंतपणाला टेनेसीला गेले होते तिथे नातीच्या नावाने पोस्टाने पुस्तक आलं. पुढच्या महिन्यात आणखी एक. मला वाटलं लेकीने वर्गणी भरलीय, विचारलं तर म्हणे फुकट येतात, पाच वर्षांची होईपर्यंत. या डॉलीबाईंच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून तिने १९९५ ला आपल्या गावाकडे हे सुरू केलं. डिंकाचे लाडू वळता वळता मी ती पुस्तकं वाचायचे, माझं इंग्रजी त्यावरच सुधारलं 😄

माळ्यावरचा_पसारा:
आजी _/\_ पेन्सिल घेऊनच बसलोय.

शेवटची_लोकल:
डिंकाच्या लाडवांची रेसिपी टाका ना प्लीज

बर्फातली_मिसळ:
जोनी मिचेल. मी ब्रॅम्प्टनला राहते म्हणून कॅनडाची बाजू घेत नाहीये. नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा हात अशक्त, नेहमीचे कॉर्ड जमेनात म्हणून गिटारच्या तारा वेगवेगळ्या स्वरांना लावायला लागली आणि लोक म्हणतात काय वेगळा आवाज आहे. २०१५ ला मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, चालणं-बोलणं सगळं परत शिकली, गिटार तर स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून, की बोटं कुठे ठेवायचे मी. २०२२ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवलं. त्याच वर्षी बाबांना उजव्या बाजूचा झटका आला होता, फिजिओवाला आला की तोंड फिरवायचे. मी फोनवर तो व्हिडिओ लावून समोर धरला. सगळा बघितला, मग म्हणाले “बाईंना खुर्ची मस्त दिलीय”. तेव्हा ती सिंहासनासारख्या खुर्चीत बसली होती. दुसऱ्या दिवशी स्पंजचा बॉल मागून घेतला. अजून दाबतात, टीव्ही बघताना.

लग्गी_लडी:
बाबांना नमस्कार सांग. (मत बदललेलं नाही.)

कॉलेजचा_गिटारवाला:
ब्रायन ॲडम्सचं नाव कुणीच घेईना?? आपल्याकडे प्रत्येक गॅदरिंगला दुसरं गाणं त्याचंच असतं. बाय द वे ‘समर ऑफ सिक्स्टी नाईन’ गातो, पण १९६९ च्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता, कसलं प्रेम न् कसलं काय.

भूगोल_सर:
मेक्सिकोसुद्धा उत्तर अमेरिकेतच येतो. कार्लोस सांताना, जन्म १९४७, हालिस्को राज्य. एवढंच नोंदवून थांबतो.

शेवटची_लोकल:
सर हजेरी घेतायत 😂 माझा ब्लूज गिटारवाला बडी गाय. २०११, वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ, ब्लूज फेस्टिवल. मला ब्लूजचं ओ की ठो कळत नव्हतं, मित्राकडे एक पास जास्त होता म्हणून गेलो. मध्येच हा माणूस वाजवत वाजवत स्टेजवरून उतरला आणि सरळ गर्दीत. पंचाहत्तरीला टेकलेला. माझ्यापासून दोन हातांवर उभा, इतका हळू वाजवत होता की एसीची घरघर ऐकू येत होती, आणि माझ्या शेजारचा काका नुसता “अरे अरे अरे” करत होता. घरी चालत गेलो, लोकल चुकली. नावाचा उगम हाच.

घोडबंदरची_आजी:
लाडू: डिंक तुपात मंद आचेवर फुलवायचा, घाई करायची नाही, आत कच्चा राहिला की दाताला चिकटतो. बाकी संध्याकाळी लिहिते, कुकर झालाय.

बर्फातली_मिसळ:
आजी, खारीक किती? इथे फक्त खजूर मिळतो.

माळ्यावरचा_पसारा:
अपडेट. शेजाऱ्यांकडून टेपरेकॉर्डर आणला, कॅसेट लावली. साईड ए डिलन, जरा घोगरा झालाय पण तो आधीपासूनच होता. साईड बी मी बहुतेक कधी लावलीच नव्हती. साईड बीवर पूर्ण स्टीवी वंडर. मध्ये गाणं थांबतं आणि १४ नंबरवाला खोकून म्हणतो, “कळलं तर सांग.” तीस वर्षं!!!

कॉलेजचा_गिटारवाला:
कॅसेटचे वरचे कान मोडले नव्हतेस ना? ते शाबूत असले की वर नवं भरता येतं. मग भर म्हणूनच सांगितलंस त्याला.

लग्गी_लडी:
फोन लाव आधी.

माळ्यावरचा_पसारा:
लावला. बिझी येतोय.