मदत हवी आहे: टीम आठवरून वीसवर नेताना जुनी माणसं कशी सांभाळायची?

नमस्कार मंडळी. हिंजवडीत आमची आठ जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. क्लायंटने काम वाढवलंय, दिवाळीपर्यंत वीस जण हवेत. आठ जणांत बोलण्याच्या जोड्या २८ होतात, विसांत १९०! उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय.

आमची सगळ्यात अनुभवी सहकारी दिवसभर नव्यांच्या शंका सोडवते आणि कोड रिव्ह्यूला, म्हणजे इतरांनी लिहिलेला कोड तपासायला, संध्याकाळी सातनंतर बसते. तिची दमणूक बघवत नाही. रिव्ह्यू घाईत उरकले तर बग थेट क्लायंटकडे जाणार.

नव्यांना एकदम घ्यावं की दोन-तीन जणांच्या तुकड्यांनी? आणि शिकवण्याचे तास जुन्यांच्या कामात धरायला तुम्ही मॅनेजरला कसं पटवलंत? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.