मदत हवी आहे: पावसाळ्यात फाँडंटचे बैल सुकतच नाहीयेत

नमस्कार मंडळी, मी चिपळूणला असते, ऑर्डरी घेत नाही, घरच्यांपुरतेच केक करते. पुढच्या रविवारी सासऱ्यांना ७५ पूर्ण होतायत, जन्मभर शेती केली आणि अजूनही बैलांपुढे स्वतःच्या हाताने पेंढा टाकल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत, म्हणून केकवर बैलजोडीच हवी असं माझ्या फार मनात आहे.

विकतच्या पांढऱ्या फाँडंटचे (केकच्या सजावटीचा साखरेचा मऊ गोळा) दोन बैल केले, वशिंड कान शिंगं सगळं छान जमलं होतं. आज चार दिवस झाले, वरून कडक पापुद्रा धरलाय पण जरा दाबलं की आत लोण्यासारखं मऊ, एकाचे पुढचे पाय वाकलेत आणि शिंगं रात्रीत खाली येऊन कानांना टेकली. घट्ट होतील म्हणून फ्रीजमध्ये ठेवले तर बाहेर काढल्यावर अंगभर पाणी सुटलं आणि खुरांचा काळा रंग (बाटलीतला पातळ रंग होता) पायभर ओघळला. इथे सध्या कपडेसुद्धा वाळत नाहीयेत. ओव्हनमध्ये ठेवू का? की गमपेस्टच (वाळून कडक होणारा साखरेचा गोळा) लागेल? आणि केक व्हिप क्रीमचा आहे, त्यावर हे टिकतील का? प्लीज कुणीतरी सांगा, परत करायला आठच दिवस आहेत.

उत्तर:
ताई, आधी ते फ्रीजमध्ये ठेवणं बंद करा. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, गार वस्तू बाहेर आली की दव धरणारच. आणि विकतच्या फाँडंटमध्ये बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ते केकवर मऊ राहावं म्हणूनच, त्यामुळे नुसत्या फाँडंटचे पाय उभे राहणं कठीण. पाव किलोला एक छोटा सपाट चमचा सीएमसी पावडर (फाँडंट कडक वाळावं म्हणून घालायची खाण्याची पावडर) मळा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा आणि मग करायला घ्या. रंग जेलचा किंवा पावडरचा, पातळ अजिबात नको.

माझं ऐकाल तर बैल बसलेले करा, रवंथ करत बसलेले. पायांवर भार येत नाही आणि दिसतातही सुंदर. शिंगं सगळ्यात आधी, वाटीच्या कडेला टेकवून वळण द्या, दोन दिवस तशीच राहू देत, डोकं-धड नंतर. डोक्याला आधार म्हणून कच्च्या स्पॅगेटीची काडी घाला, टूथपिक लहान मुलांच्या तोंडात जाऊ शकते. ओव्हन तापवू नका, मऊ पडेल, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं तर चालतं. एसी असेल तर ड्राय मोडवर त्याच खोलीत उघडे ठेवा, अधूनमधून बाजू बदला. हवाबंद डब्यात ओल आतच कोंडते, म्हणून वाळल्यावर पुठ्ठ्याचा खोका, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, बैलांना न लागतील अशा. व्हिप क्रीमवर मात्र कापायच्या अगदी आधी ठेवा, खाली चॉकलेटची पातळ चकती घालून.

धागाकर्ती:
किती नीट सांगितलंत, खूप खूप आभार! बसलेले बैल डोक्यातच आलं नव्हतं, आमचा ढवळ्या दुपारी अगदी तसाच मान वळवून बसतो, आता त्याचा फोटो समोर ठेवूनच करते. एसी जाऊबाईंच्या खोलीत आहे, त्या हो म्हणाल्यात. सीएमसी उद्या आणते. एकच राहिलं, वेसणीची दोरी फाँडंटचीच बारीक वळू, की तेवढी बारीक तुटेल?