प्रति: नैदानिक चाचणी म्हणजे अजून एक परीक्षा?
वर कुणीतरी म्हटलंय की नैदानिक चाचणी म्हणजे पोरांच्या डोक्यावर अजून एक परीक्षा, पण यात मार्क द्यायचेच नसतात हो, धड्याआधी पोरांच्या डोक्यात काय पक्कं बसलंय ते बघायचं एवढंच. नववीत विचारून बघा उन्हाळा का होतो, बरीच जण लिहितात पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून. लगेच लाल पेनाने काट नका मारू, विचारा की पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ३ जानेवारीच्या आसपास, मग तेव्हा पुण्यात सकाळी स्वेटर का लागतो? तिथे वर्ग अडतो आणि मग ज्यामुळे ऋतू होतात तो पृथ्वीचा २३.५ अंशांनी कललेला आस शिकवायला खरा अर्थ येतो. समोच्च रेषांचंही (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तसंच, सिंहगडाचा तीव्र चढ दाखवताना पोराने रेषा जवळजवळ काढायच्या सोडून एकमेकींपासून लांब काढल्या की सुरुवात कुठून करायची ते कळतं.